गंमत कळली की चित्र संपतं का?

रेघोटी:
परवा मी पिकासोचं बैलाचं डोकं इथे दाखवलं होतं. १९४२ सालचं काम. सायकलचं सीट म्हणजे बैलाचं तोंड, हँडल म्हणजे शिंगं, बस्स. त्यावर एकाने लिहिलं, "हुशारी आहे, कला नाही. एकदा कळलं की संपलं." दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून वेगळा धागा काढते.

मला तर वाटतं, गंमत कळते तिथून पुढे खरं पाहणं सुरू होतं. एडवर्ड अ‍ॅडेलसन यांचं १९९५ चं पटाचं चित्र तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलं असेल. बुद्धिबळासारखा पट, त्यावर एक हिरवा दंडगोल, त्याची पडलेली सावली, आणि ए व बी अशी नावं दिलेली दोन घरं. उजेडातलं ए गडद दिसतं, सावलीतलं बी फिकट. प्रत्यक्षात दोन्हींचा राखाडी रंग तंतोतंत एकच आहे. माझा विश्वास बसेना. मी चित्र छापून आणलं, जाड कागदाला दोन भोकं पाडली आणि तो कागद वर ठेवला. भोकांतून दोन अगदी सारखे ठिपके दिसले. कागद उचलला, की एक काळं, एक पांढरं. पुन्हा ठेवला, पुन्हा सारखे. पंधरा-वीस वेळा तरी केलं असेल. मला सगळं ठाऊक होतं, तरी डोळे ऐकायला तयार नव्हते.

उत्तर हातात असतानाही जे तितकंच फसवतं, ते संपलं असं कसं म्हणायचं?

ओळंबा:
ते वाक्य माझं. तेव्हा उत्तर देणं आलंच.

अ‍ॅडेलसन हे दृष्टीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. पटाचं चित्र हा त्यांचा प्रयोग आहे आणि प्रयोग म्हणून तो अव्वल आहे. मेंदू रंग मोजत बसत नाही, सावली वजा करून वस्तूचा 'खरा' रंग ठरवतो, हे त्यातून लख्ख कळतं. पण शाळेतल्या प्रयोगवहीत एखादी सुंदर आकृती असली म्हणून आपण तिला कलाकृती म्हणत नाही.

मी वस्तूंचं डिझाइन करतो, त्यामुळे चलाख कामाची मला मनापासून कदर आहे. फेडेक्स या कुरिअर कंपनीच्या नावातला बाण घ्या. लिंडन लीडर यांनी १९९४ मध्ये ई आणि एक्स या अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत तो असा बसवला की वर्षानुवर्षं पाहूनही लोकांना दिसत नाही. मला पहिल्यांदा दिसला तेव्हा मी जागेवरून उठलो होतो. आता काय होतं? बाण दिसतो. तेवढंच. नवं काही हाती लागत नाही, आणि बोधचिन्हाने त्याहून जास्त काही द्यावं अशी अपेक्षाही नाही. बैलाच्या डोक्याचं मला तसंच झालं. सीट ओळखलं, हँडल ओळखलं, हसलो, पुढे गेलो.

तिरपीनजर:
ओळंबा, मग चित्रकार होल्बाइनच्या 'राजदूत' चित्राला तुम्ही कुठल्या पंगतीत बसवणार? १५३३ चं आहे, लंडनच्या नॅशनल गॅलरीत. दोन श्रीमंत, सुशिक्षित माणसं उभी आहेत. मध्ये फडताळावर पृथ्वीगोल, खगोलाची यंत्रं, तार तुटलेलं ल्यूट नावाचं वाद्य. आणि पायाशी एक तिरकी, राखाडी, लांबुळकी पट्टी. रंग सांडलाय की काय असं वाटावं इतकी विसंगत. चित्राच्या उजव्या बाजूला, भिंतीला लागून उभं राहून पाहिलं, की ती पट्टी आवळत जाते आणि कवटी होते.

ही चलाखीच आहे, अगदी शंभर टक्के. पण त्या जागेवरून त्या दोघांकडे बघा. त्यांचे चेहरे, त्यांचे भरजरी कपडे, यंत्रं, सगळं चेपून ओळखू येईनासं झालेलं असतं. माणसं नीट दिसतात तेव्हा मृत्यू दिसत नाही आणि मृत्यू नीट दिसतो तेव्हा माणसं दिसत नाहीत. चित्राचा सगळा अर्थ त्या चलाखीतच आहे. ती काढून साधी कवटी काढली असती, तर तशा कवट्या युरोपच्या चित्रांमध्ये ढिगाने आहेत.

गोगलगाय:
तिरपीनजर यांच्याशी सहमत, आणि एक भर. अजिंठ्याच्या १ नंबरच्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरली आहेत आणि चौघांत मिळून डोकं एकच आहे. ज्या धडाकडे पाहाल त्याचंच ते डोकं वाटतं. एकदा डोकं झाकून धडं बघा, मग ते कोरणाऱ्याला किती मान कुठे वळवायची हे किती आधीपासून ठरवावं लागलं असेल ते कळेल.

शाईपेन:
मी इथे ओळंबांच्या बाजूने, पण कारण वेगळं आहे.

मी लपलेली चित्रं काढते. झाडात चेहरा, डोंगरात झोपलेलं जनावर, अशी. एका फांदीचा कोन चुकला तर चेहरा लगेच दिसतो, जास्त सरळ केली तर कुणालाच दिसत नाही. त्या मधल्या जागेसाठी मी एकेका चित्राला आठ-आठ दिवस देते. २०२३ मध्ये ते चक्राकार गावाचं चित्र सगळीकडे फिरलं, आठवतं? जवळून घरं आणि गल्ल्या, लांबून भोवरा. ते कृत्रिम बुद्धिमत्तेने (एआयने) तयार केलेलं होतं. साचा द्या, वर्णन द्या, चित्र तयार. त्यानंतर तशी चित्रं इतकी आली की आता लोक माझं काम डोळे किलकिले करून एकदा बघतात, "दिसलं!" म्हणतात आणि सरकतात. फांदी कुणी पाहत नाही. मला याचा फार त्रास होतो. आश्चर्यावर उभं असलेलं काम आश्चर्य स्वस्त झालं की कोसळतं. ज्या कलेचा टेकू फक्त धक्क्यावर असतो तिची हीच गत होणार.

रेघोटी:
शाईपेन, तुमचा त्रास समजतो. पण यात दोष त्या प्रकाराचा नाही, घाईचा आहे. घाईत पाहिलं तर कुठलंही चित्र "दिसलं!" एवढंच होतं.

आणि सगळीच विक्षिप्त कामं धक्क्यावर उभी नसतात. जपानच्या केन्जी कावाकामी यांचं चिंदोगु घ्या, म्हणजे मुद्दाम केलेले बिनकामाचे शोध. शिंका आवरणाऱ्या माणसाच्या डोक्यावर टॉयलेट पेपरचं रीळ, बुटांच्या टोकांवर चिमुकल्या छत्र्या. त्याचे नियम ठरलेले आहेत: वस्तू खरोखर बनवलेली हवी, पण ती वापरण्याजोगी नको, विकायची नाही, पेटंट घ्यायचं नाही. एखादी अडचण सोडवायची आणि सोडवताना त्याहून मोठी अडचण उभी करायची. काठीवर कॅमेरा लावून स्वतःचा फोटो काढणं हेसुद्धा १९९५ च्या सुमाराला अशाच निरुपयोगी शोधांत गणलं गेलं होतं! ग्रीसच्या वास्तुविशारद कातेरिना काम्प्रानी मुद्दाम गैरसोयीच्या वस्तू रचतात. पुढून उघडे पावसाळी बूट. साखळीची मूठ असलेला काटा. ओळंबा, तुम्ही रोज हेच काम करता. त्या काट्याने तुम्हाला काही दिलं नाही?

ओळंबा:
दिलं. त्यांच्या झारीचं चित्र माझ्या टेबलासमोर लावलेलं आहे. झारीची तोटी वळून परत झारीकडेच येते, म्हणजे पाणी झारीतच पडणार. ते पाहिल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं की साध्या झारीची तोटी किती बोलकी असते. कुठे धरायचं, किती कलायचं, पाणी कुठे जाणार, सगळं ती न सांगता सांगते. तरीही मी त्याला डिझाइनवरचं उत्तम भाष्य म्हणेन. शाईपेन यांचा मुद्दा मला जास्त खरा वाटतो. त्यांच्या फांदीचं मोल गुपित फुटल्यावर कुणी विचारत नसेल, तर पाहणाऱ्याला त्या गुपितानेच तशी सवय लावली आहे.

होल्बाइनचं मात्र मागे घेतो. तिरपीनजर यांचं वाचून ते चित्र फोनवर उघडलं, उजवी कड डोळ्याजवळ आणली आणि फोन जवळपास आडवा केला. कवटी गोल झाली. मग त्या दोघांचे चेहरे शोधले, ते नव्हते. फोन सरळ केला, पुन्हा आडवा केला. बराच वेळ तेच करत बसलो होतो.

शाईपेन:
ओळंबा, म्हणजे तुम्ही गुपित फुटल्यावर थांबलात की. मला एवढंच हवं असतं.

रेघोटी:
आता बैलाकडे याच नजरेने परत जा. होल्बाइनने कवटी लपवली. पिकासोने काहीच लपवलेलं नाही, सीट पहिल्यापासून सीटच आहे. बैल दिसत असताना त्याला पुन्हा सीट करून बघा. मला ते दर वेळी जमत नाही. तुम्हाला जमतंय का, सांगा.