पळपुटा? अर्धंच पटलं
महदी म्हणजे सुदानात इंग्रज-इजिप्तच्या सत्तेविरुद्ध उठलेला धार्मिक नेता. त्याचा सरदार उस्मान दिग्ना 'नुसता पळपुटा' होता, असं काहीजण म्हणतात; ते मत अर्धंच पटलं. लढाई फिसकटली की तो डोंगरात गडप व्हायचा, खरंय. म्हणून तर महदी १८८५ साली गेला, त्याचा वारस खलिफा १८९९ मध्ये पडला, पण हा गडी १९०० पर्यंत हाती लागला नाही, आणि मेला १९२६ ला!

पण तो नुसता पळायचा नाही, हे दाखवणारी गोष्ट म्हणजे २२ मार्च १८८५ ची तोफ्रेकची लढाई. सुदानच्या लाल समुद्रावरच्या सुआकिन बंदराजवळ इंग्रज काटेरी झुडपं तोडून कुंपण घालत होते. ते अर्धवट असतानाच उस्मानची माणसं तुटून पडली. उंट उधळले, धुळीत कोण कुठला कळेना. तिथे इंग्रजांच्या फौजेत शिखांसोबत आपली २८वी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीही होती, आणि ती हटली नाही.