एफिसस तासाभरात उरकायचं की सकाळ द्यायची?

गंगापूररोडकर
काल इथे तुर्कस्तान सहलीची पोस्ट आली : "मशिदी सगळ्या सारख्याच, एफिसस म्हणजे तुटके दगड, तासाभरात उरका आणि चामड्याच्या दुकानाला वेळ द्या." दिवाळीत नाशिकहून निघणारे हे वाचून तसंच करतील, म्हणून सविस्तर लिहितोय.

एफिसस हे पश्चिम तुर्कस्तानातलं प्राचीन शहर, आता अवशेष उरलेत. त्याला दोन दरवाजे आहेत. वरच्याने शिरा, खालच्याने बाहेर पडा. शेजारच्या सेल्चुक गावाच्या स्टँडवरची डोल्मुश, म्हणजे शेअर मिनीबस, खालच्या दरवाजाला सोडते. वर जायला टॅक्सीच करावी लागते. ते पैसे वाचवले की सगळा चढ भर उन्हात चढायचा. दरवाजा उघडताच आत जा. सेल्सस या रोमन अधिकाऱ्याच्या नावाच्या ग्रंथालयाचं तोंड पूर्वेला आहे, ऊन त्याच्यावर सकाळीच पडतं. दुपारनंतर कोरीवकाम सावलीत जातं. शिवाय जवळच्या कुशादासी बंदराला लागलेल्या जहाजांचे गट आले की पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही.

त्या दर्शनी भिंतीसमोर दहा मिनिटं नुसतं उभं राहा. मधले खांब मोठे, कडेचे लहान, पायथा मध्ये किंचित फुगलेला. दोन बाजूंनी चेपलेली इमारत त्यामुळे आहे त्याहून रुंद दिसते. पळत फोटो काढणाऱ्याला हे दिसणार नाही.

सिडको_सहल
लिहायला सोपं आहे. चाळीस माणसं, त्यातली निम्मी साठीपुढची. तो संगमरवर शतकानुशतकं पायांनी घासून काचेसारखा झालाय. चामडी तळाची चप्पल घातलेला माणूस उतारावर घसरतोच. सावली नाही, स्वच्छतागृहं दरवाजांपाशीच. तीन तास कोणाला झेपतील?
आणि मशिदींचं म्हणाल तर इस्तंबूलच्या हागिया सोफियात 2024 पासून परदेशी पर्यटकाला 25 युरो, तेही फक्त वरच्या गॅलरीसाठी. चौघांचे 100 युरो झाले!

गंगापूररोडकर
रबरी तळाचे बूट, टोपी, माणशी लिटरभर पाणी आणि आत शिरण्याआधी स्वच्छतागृह, हे आदल्या रात्री सांगायचं काम सहल काढणाऱ्याचं. तेवढं केलं तर साठीपुढची माणसंही उतार आरामात उतरतात. हागिया सोफियातलं डेईसिसचं मोझेइक, म्हणजे रंगीत तुकड्यांनी जडवलेलं येशूचं चित्र, वरच्या गॅलरीतच आहे. पैसे द्यायचे नसतील तर समोरच्या निळ्या मशिदीत जा, प्रवेश फुकट. नमाजाच्या वेळी आणि शुक्रवारी दुपारपर्यंत पर्यटकांना आत सोडत नाहीत. नेमका शुक्रवार सकाळचा कार्यक्रम आखणारे बाहेरूनच परततात. बायकांनी ओढणी जवळ ठेवावी, पुरुषांनी अर्ध्या चड्डीत जाऊ नये. बुटांसाठी कापडी पिशवी न्या आणि नमाज पढणाऱ्याच्या समोरून जाऊ नका.

पंचवटीकर
हजारो युरो घालून तिकडचे दगड बघायचे आणि आपल्या नाशिकच्या पांडवलेण्याच्या पायऱ्या शाळेच्या सहलीनंतर चढायच्या नाहीत. लेणं क्रमांक 3 च्या ओसरीत सातवाहन राजा गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे, हे इथल्या किती जणांना माहीत आहे?

इंदिरानगर_अभ्यासक
आधी नाव नीट घ्या. पांडवांचा तिथे काही संबंध नाही. लेखांतच डोंगराचं नाव तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी, असं कोरलंय. ही बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली लेणी आहेत.

पंचवटीकर
आजीपासून सगळे पांडवलेणंच म्हणतात. बसस्टॉपवर तेच नाव आहे. लोकांच्या तोंडचं नाव चुकीचं ठरवणारे तुम्ही कोण?

इंदिरानगर_अभ्यासक
ज्यांनी डोंगर खोदला त्यांनीच नाव लिहून ठेवलंय, ते पुसायचा हक्क तुम्हालाही नाही! आणि "आपलं-त्यांचं" करण्याआधी लेणं क्रमांक 17 चा लेख वाचा. दान देणारा इंद्राग्निदत्त स्वतःला यवन, म्हणजे ग्रीक, म्हणवतो. गौतमीपुत्राने हरवलेल्या नहपान या क्षत्रप राजाच्या नाण्यांवर ग्रीक लिपी आहे. 1906 साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला त्याची 13,000 हून जास्त नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला. ते जग आपल्यापासून तुटलेलं नव्हतंच.

गंगापूररोडकर
हेच मला म्हणायचंय. बलश्रीचा लेख आणि सेल्ससचं ग्रंथालय एकाच शतकातले, इसवी सनाच्या दुसऱ्या. इथे आई मुलाची कीर्ती कोरून घेते, तिथे मुलगा बापाच्या थडग्यावर ग्रंथालय उभारतो. इथला लेख वाचून तिकडे गेलेल्याला ते दगड तुटके वाटणार नाहीत. त्यामुळे पंचवटीकर, आधी पांडवलेणं बघा हे तुमचं म्हणणं मान्य. त्यासाठी एफिसस टाळा, हे मान्य नाही.

पंचवटीकर
टाळा असं म्हटलंच नव्हतं. नावाचं मात्र मी मागे घेणार नाही.

सिडको_सहल
मुद्द्यावर या. वेळ कुठून काढायचा?

गंगापूररोडकर
चामड्याच्या दुकानातून. फॅशन शो, चहा, मग जॅकेटं, यात दीड तास जातो. त्या वेळात इसा बे मशीद होते. सेल्चुक गावातच आहे, 1375 ची. आतले ग्रॅनाइटचे खांब एफिससच्या अवशेषांतून आणलेले. दोन मिनारांपैकी एकच उरलाय. बाहेर पडलं की जवळच सखल जागेत आर्टेमिसच्या मंदिराचा एकुलता एक उभा खांब. जगातल्या सात आश्चर्यांपैकी एकाचं एवढंच शिल्लक आहे, आणि बस त्याच्यासमोर न थांबता निघून जाते.

सिडको_सहल
दुकानाचा थांबा काढला तर सहलीचा दर वाढतो, हेही लोकांना सांगा. दुकानं कमिशन देतात म्हणून तर दर खाली राहतो. तरी आठ वाजता वरचा दरवाजा आणि नंतर इसा बे, एवढं बसतंय. एफिससमधल्या छपराखालच्या पायऱ्यांच्या घरांचं, म्हणजे उतारावर टप्प्याटप्प्याने बांधलेल्या रोमन घरांचं, तिकीट वेगळं पडतं, पायऱ्याही बऱ्याच आहेत. ते मी ऐच्छिक ठेवीन.

गंगापूररोडकर
ऐच्छिक ठेवा, पण तिथल्या भिंतींवरची चित्रं आणि जमिनीवरची मोझेइकं अजून जागच्या जागी आहेत, हे बसमध्ये सांगून मग विचारा.