रेषालेख पाचवीतच शिकवायचा का? मी म्हणते हो, आणि पंचगंगेच्या पातळीवरनंच

पाचवीची बाई:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात पाचवीला गणित शिकवते. परवा पालकसभेत एक वडील म्हणाले, "मॅडम, पुस्तकात नाही ते रेषालेख कशाला काढून घेताय पोरांकडनं, त्यापेक्षा भागाकार पक्का करा की." बाजूचे बाकीचे पालक माना हलवत होते. म्हणून हा धागा काढला.

पुस्तकातला क्रम सगळ्यांना माहितीय, पाचवीला चित्ररूप माहिती, सहावीला स्तंभालेख, सातवीला जोडस्तंभालेख. रेषालेख, म्हणजे बिंदू मांडून रेघेनं जोडलेला आलेख, पोरांना भेटतो तो भूगोलात, तापमानाची वरखाली जाणारी रेघ म्हणून, आणि तिथं तो नुसता बघायचा असतो, काढायला फारसं कुणी बसवत नाही. माझं म्हणणं असं की वाचणं आणि काढणं एकदमच शिकवायला पाहिजे आणि दहा वर्षांच्या पोराला ते जमतं, फक्त आकडे त्याच्या ओळखीचे पाहिजेत. आता जुलै-ऑगस्टमधे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती झाली हे कोल्हापूरच्या कुठल्या घरात विचारत नाहीत सांगा? ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे पोरांना न शिकवता पाठ असतंय.

मी काय करते ते सांगते. चौकटीची वही घ्यायची. आडव्या अक्षावर वेळ, एक चौकट म्हणजे ४ तास. उभ्यावर फूट. सरावाला सोपे आकडे देते, समजा सकाळी ८ ला ३८ फूट, दुपारी १२ ला ४०, ४ वाजता ४१ आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला ४३. निम्मा वर्ग हा शेवटचा बिंदू लगेच शेजारच्या चौकटीवर मांडतो, कारण तक्त्यात तो शेजारी आहे. मग विचारायचं, दुपारी चार ते सकाळी आठ किती तास झाले रे? १६. म्हणजे चौकटी किती? ४. पोरगं खोडतं, बिंदू पुढं सरकवतं, आणि जी रेघ आत्तापर्यंत उभी चढत होती ती एकदम आडवी पडायला लागते. "म्हणजे रात्री हळू वाढलंय पाणी" हे ते स्वतःच म्हणतं, मला सांगावं लागत नाही. स्तंभालेखात चार खांब शेजारी शेजारी उभे केले की काम झालं, मधे किती वेळ गेला हा प्रश्नच तिथं उठत नाही.

झेडपीचे सर, शाहूवाडी:
मॅडम, राग मानू नका पण माझा विरोध आहे आणि तो अनुभवातनं आहे. माझ्याकडं एकाच खोलीत तिसरी, चौथी, पाचवी. तुम्ही आडव्या अक्षाची गंमत सांगितली, उभ्या अक्षाचं काय? माझी पोरं तक्त्यातले आकडेच खालनं वर समान अंतरावर लिहितात, ३८, ४०, ४१, ४३, एकावर एक. मग काय होतंय, सगळे बिंदू एका तिरक्या रेषेत येतात, आलेख छान दिसतो, पोरगं खूश, आणि त्यात अर्थ शून्य. प्रमाण म्हणजे काय हेच डोक्यात बसलेलं नसतंय. ते बसवायला स्तंभालेखच बरा, कारण खांबाची उंची मोजपट्टीनं मोजता येते, चूक डोळ्याला दिसते. पुस्तकानं सहावीला स्तंभालेख उगाच नाही ठेवला.

आणि दुसरं, खरी पातळी फूट-इंचात येते. ४० फूट ६ इंच म्हणजे पोरं ४०.६ लावणार. बाराचा हिशोब, त्यात दशांश अजून कच्चा. एका तासात किती गोष्टी कोंबायच्या?

पाचवीची बाई:
सर, रागाचं काही नाही. ६ इंच म्हणजे अर्धा फूट, अर्धी चौकट. ३ इंच पाव, ९ इंच पाऊण. पोरांना पाव-अर्धा-पाऊण दशांशाच्या आधीपासनं येतं, दुकानात पाव किलो साखर आणतात ती. उलट इथं दशांशाचं नावच काढायचं नाही. आणि आकडे एकावर एक लिहायची सवय स्तंभालेखातही तितकीच लागते, ती मोडायला एक वर्ष थांबून काय मिळणार? मी वर्गाला ३९ च्या जागी चौकट रिकामी ठेवायला लावते, तिथं कुठलाच बिंदू नसला तरी, कारण ती इशारा पातळी आहे. ती आडवी रेघ लाल पेन्सिलनं मारायची. मग पोरं विचारतात आपला आलेख लाल रेघ किती वाजता ओलांडतो. ३८ नि ४० च्या मधे, म्हणजे साधारण दहाला. हा आकडा तक्त्यात नाहीच, तो रेघेनं दिला. माझ्या मते रेषालेखाचा सगळा जीव इथं आहे.

मार्केट यार्डातला:
ताई इथंच तर घोळ हाय की. दहाला पाणी ३९ ला होतं हे तुमची रेघ सांगतीय, नदी न्हाई. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले आणि पंचगंगेत पाणी यायला काही तास लागले तर साडेअकरापर्यंत पातळी तिथंच असंल आणि मग भसकन वाढली असंल. पोराला वाटतंय रेघ मारली म्हणजे तसंच झालं.

आमच्याकडचं उदाहरण सांगतो. गुळाचे दर. शनिवारी सौदा झाला, मधे सुट्टी, मंगळवारी परत झाला. दोन बिंदू जोडून कुणी मला सांगितलं की सोमवारी दर मधला होता, तर मी म्हणणार सोमवारी दरच नव्हता, सौदाच निघाला न्हाई. नदीला मधे पातळी असती, दराला मधे काही नसतंय. हा फरक मोठ्या माणसांना कळंना, व्हॉट्सॲपवर शेअरचे आलेख बघून पैसे लावत्यात. दहा वर्षाच्या पोराला रेघ जोडायची सवय लावायच्या आधी कुठं जोडू नये हे शिकवा. नसंल जमत तर राहू द्या मोठं होईपर्यंत.

स्टाफ नर्स, राजारामपुरी:
दादांचा मुद्दा एकदम बरोबर आणि तरी मी बाईंच्या बाजूनं. वॉर्डात तापाचा चार्ट हा रेषालेखच असतो. दर चार तासांनी बिंदू, मधे रेघ. ती रेघ मधला ताप सांगत नाही, ताप कुठल्या दिशेला चाललाय ते सांगते. आणि मोठी माणसं एक चूक हमखास करतात, रेघेचा चढ कमी झाला की "ताप उतरला" म्हणतात. अहो उतरला नाही, वाढायचा जोर कमी झालाय, अजून वाढतोच आहे. महापुरात "पाणी संथ गतीनं वाढतंय" ऐकून लोक घरी परत जायला निघतात ना, तेच. हे वाचन शाळेतच पक्कं व्हायला पाहिजे, वॉर्डात नव्यानं शिकवायला फार उशीर होतो.

सध्या पुण्यात, मूळचा कागलचा:
हे सगळं ठीक पण हातानं काढायचा आग्रह का? आकडे टाकले की मोबाईलवर एका सेकंदात आलेख येतो. वाचायला शिकवा, वेळ वाचेल.

पाचवीची बाई:
एका सेकंदात येतो खरा, पण कसा? वेळेचा रकाना नुसता मजकूर म्हणून टाकला तर सॉफ्टवेअरही चार ते सकाळी आठ हे अंतर बाकीच्या अंतरांएवढंच दाखवतं, म्हणजे माझ्या वर्गातली चूक मशीन सुबक करून देतं. ज्यानं हातानं चौकटी मोजल्यात त्यालाच ती दिसणार. उभा अक्ष मशीन बऱ्याचदा शून्याऐवजी मधल्याच आकड्यापासनं सुरू करतं, दोन फुटाची वाढ डोंगराएवढी दिसते, तिथंही तेच.

शिरोळकडची आई:
मी वेगळंच बोलते. आमच्या घरात २०१९ ला पाणी, २०२१ ला परत. माझी मुलगी तेव्हा लहान होती तरी तिला माळ्यावर चढवलेलं सामान आठवतंय, म्हैस सोडून द्यावी लागली ते आठवतंय. तिला तुम्ही वर्गात बसवून पाण्याचा चढता आलेख काढायला सांगणार? मुगाचं रोप लावा, रोज उंची मोजा. एनसीईआरटीच्या पाचवीच्या आधीच्या पुस्तकात मुगाच्याच वाढीचा आलेख होता, किती छान. नदी कशाला?

पाचवीची बाई:
ताई, तुमचं म्हणणं मनापासून ऐकलं. २०१९ ला पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती, ते आकडे मी वर्गात घेतच नाही. आणि सुतारवाडा, आंबेवाडी, चिखली अशा पुरात बुडणाऱ्या भागातलं पोर वर्गात असेल तर त्याला आधी बाजूला घेऊन विचारते, त्याला नको असेल तर त्याच्या गटाला रोपाचे आकडे. पण रोप फक्त वाढतं हो. आलेख खाली येताना बघायला पोरांना काहीतरी पाहिजे, आणि पाणी उतरतानाचा आलेख काढताना वर्ग किती मन लावून बसतो ते मी बघितलंय.

आंबेवाडीचा:
मी पूरग्रस्तच. आणि मी म्हणतो माझ्या पोराला पाण्याचाच आलेख शिकवा. त्या वर्षी आमच्या गल्लीत निघायचं का थांबायचं यावर रात्रभर नुसती चर्चा. वहीवर चार बिंदू मांडून कुणी दाखवलं असतं तर म्हाताऱ्यांना उजेडात बाहेर काढलं असतं. ताईंचं दुःख माझंही हाय, पण पोरीला पाण्याचं भ्या वाटतंय म्हणून आकड्यापासनं लांब ठेवायचं मला पटत न्हाई.

शिरोळकडची आई:
दादा, तुमच्या पोरासाठी तुम्ही ठरवा. माझ्या पोरीसाठी दहाव्या वर्षी नको, तेराव्या वर्षी चालेल. मी यावर ठाम आहे.

निवृत्त मुख्याध्यापक:
वयाबद्दल थोडं. जपानमधे रेषालेख चौथीतच आहे. इंग्लंडच्या अभ्यासक्रमात नऊ-दहा वर्षांच्या मुलांनी रेषालेखावरनं तुलना आणि फरकाची गणितं सोडवायची असतात. तेव्हा "वय नाही" हा मुद्दा टिकत नाही. आणि मार्केट यार्डवाल्यांना एक सांगतो, विल्यम प्लेफेअरनं १७८६ साली रेषालेख छापले ते इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे, वर्षाच्या बेरजांचे. बेरजेलाही मधे काही नसतं, तरी त्यानं रेषा काढल्या कारण कल दाखवायचा होता. म्हणजे जोडायचं नाही असा सरसकट नियम करता येणार नाही.

मार्केट यार्डातला:
सर, त्यानं मोठ्या माणसांसाठी काढला, ज्यांना व्यापार कळत होता. मी पोरांचं बोलतोय. कल दाखवतोय हे सांगून जोडा, मधला आकडा विचारू नका, एवढंच.

झेडपीचे सर, शाहूवाडी:
जपानच्या चौथीच्या वर्गात वेगळी शिक्षिका असते हो, तीन इयत्तांना मिळून एकच शिक्षक नसतो. वय टिकत नाही तर वेळ तरी मोजा. मॅडम, मी अजून विरोधातच आहे, पण भांडणापेक्षा एक करा. तुमच्या वर्गाला दोन तक्ते द्या, दोन्ही नदीचे नकोत. एक, दिवसभरात दर दोन तासांनी घेतलेलं वर्गातलं तापमान. दुसरा, कुणाला कुठलं फळ आवडतं. आणि फक्त म्हणा, आलेख काढा. कुठला ते सांगू नका. किती पोरं आंब्यापासनं केळ्यापर्यंत रेघ ओढतात ते इथं लिहा. अर्ध्याहून जास्त ओढली तर सहावीपर्यंत थांबायचं.

पाचवीची बाई:
मान्य, सोमवारी देते. फक्त तिसरा तक्ता मी घालणार, दादांच्या गुळाच्या दराचा, मधले सुट्टीचे वार रिकामे ठेवून. आणि सर, तुमच्या पाचवीलाही तेच तीन तक्ते द्या, स्तंभालेख शिकवून झाल्यावर. दोन्हीकडच्या वह्यांचे फोटो इथं टाकू, नावं झाकून.