मदत हवी आहे : कौलारू छपराचं काम अंगावर (सामानासकट ठरवून) द्यावं की नुसत्या मजुरीवर?

कुडाळजवळ आमचं कौलारू घर आहे, छप्पर साधारण ९०० चौरस फूट. गेल्या आषाढात माजघरात दोन जागी गळलं. कौलं परतून घेतली, फुटकी बदलली, आढ्यावरच्या कौलांना सिमेंट लावलं. तरी गणपतीनंतर पुन्हा गळलं. परवा माळ्यावर चढून बघितलं, तर रिपा (कौलं ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्या) बोटाने दाबल्या की भुगा होतो. वासे मात्र सागाचे, दोन सोडले तर ठणठणीत. ते मोडीत काढायला जीव होत नाही.

दोन ठेकेदार येऊन बघून गेले. एक म्हणतो, सगळं उतरवून लोखंडी सांगाडा आणि पत्रा घाला. पत्रा नकोच आहे, आई दिवसभर घरात असते, उन्हाळ्यात तिला बसवणार नाही. दुसरा रिपा बदलून जुनीच कौलं चढवायला तयार आहे, पण सामानासकट एकच आकडा सांगतो, अर्धे पैसे आधी मागतो आणि गळतीची हमी लेखी देत नाही. काम मृगाआधी आटपायलाच हवं.

ज्यांनी असं काम करून घेतलंय त्यांनी कृपया सांगा: लाकूड आपण आणून फक्त मजुरी ठरवावी का? हप्ते कोणकोणत्या टप्प्याला द्यावेत? आणि पहिले मोठे पाऊस होईपर्यंत तुम्ही किती रक्कम राखून ठेवली होती?