मदत हवी आहे: भरतपूरला आईसोबत, केवलादेव आणि लोहागड

जानेवारीत आईला घेऊन मुंबईहून थेट गाडीने भरतपूरला जातोय. मुक्काम दोन रात्री, केवलादेव पक्षी उद्यानाच्या फाटकाजवळच. सायबेरियन क्रौंच 2002 नंतर तिथे आलेले नाहीत हे माहीत आहे, त्यामुळे ती आशा नाही. रंगीत करकोचे, सारस आणि पाणथळीतली बदकं निवांत दिसली तरी पुष्कळ.

अडचण आईच्या गुडघ्यांची आहे. सपाटीवर दहा मिनिटं चालते, सायकलवर बसणं शक्य नाही. म्हणजे सायकलरिक्षाच. हॉटेलवाल्याला फोन केला, तर तो 'सब हो जायेगा'च्या पुढे जात नाही. वेगळा गाईड नको, दुर्बीण आहे. धुकं असणार, म्हणून पहाटेची घाई नाही.

दुसऱ्या दिवशी लोहागड, म्हणजे भरतपूरचा किल्ला (लोणावळ्याजवळचा नव्हे). 1805 मध्ये इंग्रज सेनापती लॉर्ड लेकला दाद न देणारी ती मातीची तटबंदी मला बघायचीच आहे. यशवंतराव होळकर तेव्हा तिथेच आश्रयाला होते. जवळचं डीग गाव यावेळी सोडलंय.

अलीकडे जाऊन आलेल्यांनी सांगा: एकच रिक्षा दिवसभर ठरवता येते का, दुपारी जेवायला बाहेर आल्यावर त्याच तिकिटावर परत आत सोडतात का, आणि लोहागडावर संग्रहालयापर्यंत ऑटो जाते की पायऱ्या चढाव्याच लागतात?