प्रतिसाद : तंजावरला अर्धा दिवस पुरत नाही

त्रिचीहून मदुराईला जाताना तंजावरसाठी अर्धा दिवस पुरे, असे तमिळनाडूच्या प्रवासाविषयीच्या या चर्चेत सुचवले आहे. केवळ तेथील बृहदीश्वर या शिवमंदिराचे दर्शन आणि राजराज चोळाने 1010 च्या सुमारास पूर्ण केलेल्या त्याच्या प्रचंड विमानाचे (गाभाऱ्यावरील शिखराचे) छायाचित्र एवढाच हेतू असेल, तर ते मान्य आहे. परंतु मराठी वाचणाऱ्या माणसाने तेथून इतक्या घाईने निघू नये. प्रांगणाच्या नैर्ऋत्येकडील प्राकाराच्या (आवाराच्या) भिंतीवर तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतलेला आहे आणि ती अक्षरे देवनागरी असल्यामुळे, थोडे थांबून पाहिल्यास, ओळखीची नावे आपली आपण लागत जातात. बहुतेक पर्यटक नंदीमंडपावरूनच परत फिरतात, याचे खरे तर नवल वाटते.

तेथून सरस्वती महाल ग्रंथालयाचे संग्रहालय पाहावे. ते लहान असले तरी चुकवू नये. मुक्काम शक्य असल्यास दुसरा दिवस कुंभकोणमजवळच्या दारासुरमला द्यावा. दुसऱ्या राजराज चोळाच्या काळातले तेथील ऐरावतेश्वराचे मंदिर बृहदीश्वराच्या मानाने ठेंगणे आहे, पण त्याच्या राजगंभीर नावाच्या मंडपाला जोडलेली दगडी चाके, घोडे आणि खांबांवरचे वीतभर उंचीचे शिल्पपट पाहण्यात वेळ कसा जातो ते कळत नाही. दुपारी गाभारे बंद असतात आणि फरशी अनवाणी पायांना सोसत नाही, म्हणून सकाळी लवकर किंवा चारनंतरच जावे.