मदत हवी आहे: घरी केलेला सीएनसी राउटर गोलाऐवजी अंडं कापतोय

कोकणी_रंधा
घरीच सीएनसी राउटर (कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कापणारं मशीन) केलाय. १८ मिमी प्लायचा सांगाडा, भंगारातले ड्रॉवर चॅनेल, अर्डुइनो ऊनो कंट्रोलर बोर्ड, त्यावर ड्रायव्हर बसवायची शील्ड, मोटरी चालवणारं सॉफ्टवेअर जीआरबीएल आणि कापायला सुतारांचा लॅमिनेट ट्रिमर. मशीन चालतं, पण गोल सांगितला की अंडं कापतं. सेटिंग बरोबर आहे, ते सोडून बोला. गणपतीचं मखर यावरच कापायचंय आणि कमानीला गोलच गोल आहेत. लवकर सांगा, घरात आता भुशावरून बोलणी सुरू झालीत.

अर्धवट_अभियंता
मोटर कोणती? तिला करंट देणारा ड्रायव्हर? सप्लाय किती व्होल्टचा? मोटरने फिरून मशीन सरकवणारा स्क्रू कोणता? "सेटिंग बरोबर" म्हणजे आकडे काय?

भंगाररत्न
भंगार म्हणालात म्हणजे मोटरी प्रिंटरच्या असणार. तिथेच फसलात. प्रिंटरमधल्या कितीतरी मोटरी ७.५ अंशाच्या असतात, फेऱ्याला ४८ स्टेप, म्हणजे छोटे टप्पे. सगळे २०० धरून चालतात. पुण्यात असाल तर जुन्या बाजारात रविवारी जा, मोटर हाताने फिरवून बघून घ्या.

कोकणी_रंधा
मोटरी नव्या आहेत हो, नेमा १७ मापाच्या. ड्रायव्हर ए४९८८. सप्लाय जुन्या कॉम्प्युटरचा, १२ व्होल्ट. आणि मी सावंतवाडीला आहे, जुन्या बाजाराचं मला काय?

चोवीस_व्होल्ट
१२ व्होल्ट!! पुढचं वाचलंच नाही. स्टेप चुकताहेत तुमच्या. ए४९८८ पस्तीसपर्यंत घेतो, बिनधास्त २४ चा सप्लाय लावा. ड्रायव्हरचा व्हीरेफही (करंटची मर्यादा ठरवणारा व्होल्टेज) मोजा. त्याच्या बारक्या रेझिस्टरवर आर१०० लिहिलं असेल तर १ अँपिअरला ०.८ व्होल्ट पाहिजे. आणि सप्लाय चालू असताना मोटरची वायर उपटू नका, ड्रायव्हर गेलाच म्हणून समजा.

अर्धवट_अभियंता
@चोवीस_व्होल्ट, प्रत्येक धाग्यावर तुमचं एकच औषध. स्टेप चुकल्या तर गोल सरकतो, शेवटचं टोक पहिल्याला मिळत नाही. यांनी तसं कुठे म्हटलंय? आधी माणसाला उत्तर तरी देऊ द्या.

चोवीस_व्होल्ट
माझं मशीन चालतं. तुमचं दाखवा.

सागवान
दोघंही गप्प बसा. ड्रॉवर चॅनेल हा खरा रोग आहे. तो कप्पा ओढायला केलेला असतो, त्यात आडवा हलका खेळ, म्हणजे ढिलेपणा, असतोच, कापणारा बिट लाकडात शिरला की सगळं डुलतं. शिवाय कोकणात, पावसाळ्यात, साधा प्लाय? एमडीएफ वापरला नाहीत हेच नशीब, तो तर कडेने पावासारखा फुगतो. आयएस ७१० मानकाचा मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या कडांना सीलर मारा.

मोदकप्रेमी
एका मखरासाठी एवढा खटाटोप? डिझाइन लेझरवाल्याला द्या, संध्याकाळी हातात. २०१८ ला थर्मोकोलवर बंदी आल्यापासून आम्ही पुठ्ठ्याचं घडीचं मखर करतो, माळ्यावर राहतं. फोटो हवेत का कुणाला?

कोकणी_रंधा
नकोत. आणि लेझरवाला १८ मिमी प्लाय कापून देत नाही, विचारून झालंय. गोलाचं टोक नीट मिळतं. फक्त तो गोल नाहीये.

निवृत्त_टर्नर
टोक मिळतं हे आधी सांगायचं की रे. अंडं म्हणजे नक्की किती? व्हर्निअर कॅलिपरने मोज आणि दोन्ही बाजू सांग. मग ५० मिमीचा कापून तोही मोज.

कोकणी_रंधा
१०० मिमीच्या गोलाला एक्स (एक बाजू) १००, वाय (दुसरी बाजू) ११३. ५० चा कापला, एक्स ५०, वाय ५६ आणि वर थोडं.

निवृत्त_टर्नर
मग स्टेप चुकत नाहीत आणि चॅनेलही दोषी नाही. खेळामुळे येणारी चूक लहान गोलाला आणि मोठ्या गोलाला साधारण तेवढीच राहते. तुझी चूक मापाबरोबर वाढते आहे, म्हणजे हिशेबातला आकडा वेगळा आहे. वायच्या स्क्रूचा रॉड कुठून आणलास?

कोकणी_रंधा
एक्सचा किटमधला एम८, म्हणजे मेट्रिक ८ मिमीचा. वायला मीटरभर लांब हवा होता म्हणून इथल्या हार्डवेअरच्या दुकानातून. ८ मिमीच मागितला, नट पण तिथलेच. जाडी ७.९ येते. दोन्हीला मिमीमागे २५६० स्टेप टाकल्यात.

निवृत्त_टर्नर
किटमधला नट त्या रॉडवर चढवून बघ.

कोकणी_रंधा
एक-दोन आटे चढतो, मग अडकतो.

निवृत्त_टर्नर
मिळालं. तो अडीच सुती आहे (सूत म्हणजे १/८ इंच), ५/१६ इंच व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे आटे. जाडी ७.९४, दिसायला एम८ चा जुळा भाऊ. पण इंचाला १८ आटे, म्हणजे पिच (दोन आट्यांतलं अंतर) १.४११ मिमी. एम८ ची १.२५. भागून बघ, १.१२९ येतात, तेच तुझे ११३. खात्रीसाठी रॉडवर पट्टी ठेवून इंचात आटे मोज. मोटर २०० स्टेपची, एका स्टेपचे मायक्रोस्टेप १६, म्हणजे फेऱ्याला ३२००. भागिले १.४१११. जीआरबीएलमध्ये वायच्या सेटिंगला, $१०१ ला, २२६७.७ टाक. एक्सला हात लावू नकोस.

कोकणी_रंधा
अठराच भरले. टाकलं. गोल १००.२. पण दुकानदाराला मी ८ मिमी असंच सांगितलं होतं!

निवृत्त_टर्नर
गावाकडच्या बऱ्याच दुकानांत आजही सुताचाच माल असतो. "आठ मिमी" म्हटलं की जवळचा हातात देतात. पुढच्या वेळी नट खिशात घेऊन जा.

चोवीस_व्होल्ट
तरी २४ कराच.

अर्धवट_अभियंता
काका, मानलं. @रंधा, तरी सवड झाली की टी८ स्क्रू घ्या, फेऱ्याला ८ मिमी सरकणारा. ऊनोवर जीआरबीएल सेकंदाला साधारण ३० हजार स्टेप देतं, म्हणजे तुमचा वाय मिनिटाला ७९० मिमीच्या वर जाणारच नाही. टी८ ला मिमीमागे ४०० च स्टेप लागतात.

भंगाररत्न
किंवा फुकटात मायक्रोस्टेप ८ वर आणा आणि सेटिंग निम्मी करा. पैसे खर्च करायला सांगणारे फार.

कोकणी_रंधा
मखर झाल्यावर बघू. पण आता प्लाय कडेला काळा पडतोय, घरभर जळका वास. फीड (बिट सरकण्याचा वेग) मिनिटाला ३०० मिमी ठेवलाय, सावकाश म्हणजे सुरक्षित म्हणून.

सागवान
उलटं आहे. ट्रिमर मिनिटाला तीस हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतो, बिट एका जागी रेंगाळला की कापायचं सोडून घासतो. एकाच धारेचा बिट लावा, फीड ७०० करा आणि एका थरात २-३ मिमीच उतरवा. अठरा एकदम नाही.

मोदकप्रेमी
मशीन नंतर विकणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.